एकास सत्त्याऐंशी

जेल रोडच्या फ्लॅटमधली मागची खोली,
आठ बाय चारचा प्लायवूड,
त्यावर इगतपुरीपलीकडचा घाट:
वर्तमानपत्राचे बोळे, वरून प्लास्टर, दोन बोगदे.
रूळ दिवाळीपर्यंत बसले.
जंगल राहिलं.

सत्त्याऐंशी भाग करायचे आणि एकच ठेवायचा.
साग वीतभर. माणूस अंगठ्याच्या पेराएवढा.
पाऊस या हिशेबात बसत नाही;
थेंब पडलाच एखादा
तर खालच्याच्या डोक्यात भोपळा पडेल.

खोडांसाठी दिंडोरीहून आणल्या द्राक्षाच्या काड्या,
छाटणीनंतर बांधावर टाकलेल्या.
काडी उभी केली की ती म्हातारीच दिसते,
वेगळं काही करावं लागत नाही.
पाल्याला घोसाळ्याची जाळी, कातरून, पिंजून,
वखारीतला भुसा तीन हिरव्यांत रंगवलेला,
जमिनीला चहाचा चोथा, तव्यावर सुकवलेला.
बायको म्हणते, हल्ली या घरात
चहापेक्षा जमीन जास्त होते.

तीस वर्षं मी नोटांच्या छापखान्यात
भिंगाखाली कागद पाहिला.
एक रेघ केसभर सरकली
की आख्खा ताव बाजूला.
सगळं एकसारखं हवं,
याचाच पगार होता.
त्यामुळे असेल,
माझे दोनशे चाळीस साग
कवायतीला आल्यासारखे उभे राहिले.
मला वाटलं, झालं.

मग फ्यूज गेला.
वायरमन आला, देवराम भोये, हरसूलकडचा.
बोर्ड उघडता उघडता मान वळवून बघत राहिला.
"हे आमच्याकडचं हाय का?"
तसंच, म्हटलं.
"तसंच नाय.
ऐनाला एवढ्या फांद्या कशा?
राबाला दरसाल तोडत्यात.
ऐन म्हंजे सोटा, वर झुपका.
आन बकरी उभी राहून पोचती
तिथवर पाला नसतो."
मग टेस्टरच्या टोकानं, कुठेही न टेकवता:
"सरपणाची वाट कुठंय?
बाया जायच्या कुठून?"

फ्यूज बसवून गेला. दोनशे घेतले,
चहा नको म्हणाला.

त्या रात्री भिंग डोळ्याला लावून
आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम चुकलो.
एक साग तोडला, बुंधा ठेवला,
त्यावर पिवळट ताजा काप.
मग दुसरा. मग अकरा.
सकाळी फुटपट्टी लावली:
अकराही बुंधे एका उंचीचे.
शेवटी डोळे मिटून कात्री चालवली.

बकरी काढली हिशेबात. मागच्या पायांवर
उभी राहिली तर अठरा मिलिमीटर.
अठराच्या खालचं सगळं ओरबाडलं.
ऐन बोडके केले. ते करताना
वाईट वाटलं, हेही लिहून ठेवतो.

वाट मात्र जमेना.
ब्रशनं ओढली तर डांबरी रस्ता,
चाकूनं खरवडली तर ओहोळ.
वाट काढायची म्हणतात,
पण इथे ती पडावी लागते.
म्हणून दोन बोटांनी निघालो,
बोगद्याच्या तोंडापासून खाली ओढ्यापर्यंत,
गेलो, आलो, गेलो,
रोज जेवण झाल्यावर, साठ-सत्तर खेपा.
परतताना बोटं जड टाकायची,
मोळीचं वजन असतं.
नवव्या दिवशी चोथा दबला,
कडेचा भुसा आपसूक सरकला.
एका वळणावर वाट का वाकडी झाली
मला माहीत नाही.
तिथे दगड नव्हता.

आता गाडी चढते,
मागून दोन इंजिनं रेटतात,
बोगद्यात शिरताना दिवा काड्यांवरून फिरतो
आणि अर्धा सेकंद
मी कुठल्या मापाचा आहे ते कळत नाही.

देवरामचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवलाय.
फ्यूज मात्र
जायचं नाव घेत नाही.